वाचकांचे प्रश्न : भयपटाची पटकथा आणि पोटापाण्याचा हिशेब

मोठ्या निर्मितीसंस्थेच्या आधाराविना चित्रपट करणाऱ्यांना पैसे कुठून मिळतात, या विषयावर गेल्या अंकात या सदरात एक छोटे उत्तर छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांत सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील पत्रे बरीच आहेत आणि त्यांतील बहुतेकांना भयपट लिहायचे आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय सत्तावीस आहे. घरी चार यंत्रमाग आहेत आणि दिवसाचा बराच वेळ त्यांच्यातच जातो. भयपटाच्या तीन पूर्ण लांबीच्या पटकथा लिहून तयार आहेत. मुंबईला जाऊन प्रयत्न करावा, की इथे राहून काही करता येईल? घरचे म्हणतात, आधी मागांकडे बघ. (साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : मुंबईला जावे की नाही, हा प्रश्न आपण पहिला विचारला आहे, माझ्या मते त्याचा क्रमांक तिसरा आहे. आपल्याला पटकथा विकायच्या आहेत की चित्रपट करायचा आहे, हे आधी ठरले पाहिजे, कारण बाहेरून एकच वाटणारे हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. विकणाऱ्या लेखकाला निर्मात्यांच्या जवळपास असावे लागते. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेये वेगवेगळी दिली जातात आणि नव्या माणसाच्या वाट्याला बहुधा संवाद येतात, तेही मालिकेचे, जिथे मानधन भागागणिक मिळते आणि उद्याच्या चित्रीकरणाची पाने आज रात्री द्यावी लागतात. या कामाला मी कमी लेखत नाही. त्यावर अनेकांची घरे चालली आहेत आणि घाईतही नेमके लिहिण्याची जी शिस्त तिथे लागते ती इतरत्र सहसा लागत नाही. मात्र त्यासाठी सोलापूर सोडणे भाग आहे आणि सोडूनही भयपट लिहायला मिळेलच, असे नाही.

स्वतंत्र चित्रपटकर्त्याचे गणित उलट्या बाजूने सुरू होते. स्वतःला जे चित्रित करता येईल तेच तो लिहितो. प्रेमकथेला ओळखीचे चेहरे लागतात, ऐतिहासिक चित्रपटाला घोडे आणि वाडे लागतात, विनोदी चित्रपटाला मुरलेले नट लागतात. भयपटाचा प्रेक्षक मात्र नटासाठी येत नाही, भिण्यासाठी येतो, आणि भीती ही कागदावर रचली जाणारी गोष्ट आहे. चार अनोळखी नट, एक घर, आणि प्रेक्षकापासून काय लपवायचे व ते केव्हा उघडे करायचे याची जाण, एवढ्या भांडवलावर उभा राहणारा चित्रपटाचा दुसरा प्रकार मला दिसत नाही. जगभरात इतक्या दिग्दर्शकांनी पहिला चित्रपट भयपटच का केला, याचे उत्तर यात आहे. त्या सगळ्यांना भुतांची आवड होती, असे मानण्याचे कारण नाही.

जॉर्ज रोमेरो यांचे उदाहरण इथे उपयोगी पडेल, कारण ते हॉलिवूडमध्ये घडलेले नव्हते. पिट्सबर्ग हे पोलाद कारखान्यांचे शहर. तिथे ते मित्रांच्या सोबतीने जाहिराती आणि उद्योगांसाठीचे माहितीपट करणारी एक छोटी संस्था चालवत होते. त्या कामातून दिवे आले, कॅमेरा आला आणि मुख्य म्हणजे एकमेकांच्या सवयी ठाऊक असलेली माणसे जमली. मग दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून सुरुवात केली, पुढे आणखी पैसे गोळा केले आणि सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट १९६८ मध्ये पूर्ण झाला. चित्रपट कृष्णधवल होता, त्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचे सिरप खपून गेले. बहुतेक घटना एका शेतघरात आणि त्याच्या आवारात घडतात. आज झोंबीपटाचे जे नियम सगळ्यांना पाठ आहेत त्यांतले बरेचसे त्या घरात तयार झाले, आणि रोमेरो पुढेही अनेक वर्षे पिट्सबर्ग परिसरातच काम करत राहिले. या कथेत आपल्या कामाची गोष्ट कोणती, तर चित्रपटाआधी त्यांच्या हाती नियमित मिळकत देणारा धंदा होता आणि त्या धंद्यातच त्यांची उमेदवारी झाली. घरचे माग विकण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. लग्नाचे चित्रीकरण, स्थानिक दुकानांच्या जाहिराती, संस्थांच्या वार्षिक समारंभांच्या चित्रफिती, ही कामे सोलापुरात मिळतात आणि ती करणाऱ्यांपैकीच कोणीतरी पुढे आपला छायालेखक होणार आहे.

आता त्या तीन पटकथा. त्या मी वाचलेल्या नाहीत, तरी त्या बाजूला ठेवून दहा मिनिटांची चौथी लिहा, असेच सांगेन. पूर्ण लांबीची पटकथा ही साधारण मिनिटाला एक पान या हिशेबाने शंभराच्या आसपास पानांची असते, आणि अनोळखी लेखकाची शंभर पाने वाचण्याइतका वेळ कोणाजवळ नसतो. दहा मिनिटे मात्र कोणीही पाहतो. सॅम रेमी आणि त्यांच्या मिशिगनमधील मित्रांनी ‘द इव्हिल डेड’ (१९८१) साठी पैसे मागण्याआधी, १९७८ मध्ये, त्याच धर्तीचा सुमारे अर्ध्या तासाचा लघुपट सुपर-८ या हौशी कॅमेऱ्यांच्या फिल्मवर केला आणि तो स्थानिक डॉक्टर-वकिलांना दाखवून भांडवल उभे केले. इतक्या दूर जायचे नसेल तर करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा क्रम पाहा : आधी ‘पिस्तुल्या’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला लघुपट, मग २०१३ मध्ये ‘फँड्री’, मग २०१६ मध्ये ‘सैराट’. विषय भयाचा नाही, पण पायऱ्या त्याच आहेत.

काय लिहावे, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण सोलापूरहून आलेल्या पत्रांबरोबरची कथासूत्रे वाचून थोडा वैतागलो आहे. तीनचतुर्थांश कथांत बंद पडलेली गिरणी आहे आणि तिच्यात कामगाराचे भूत आहे. उरलेल्यांत कोकण आहे : माडांची रांग, विहीर, पावसाळी अंधार, देवचार. कोकणाची भीती कोकणातल्या लेखकांनी फार चांगली लिहिली आहे, ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. सोलापूरच्या माणसाला ठाऊक असलेली भीती उन्हाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते, आणि आपल्याकडची जुनी माणसे ‘भर दुपारी बाराला त्या लिंबाखाली जाऊ नको’ असे मुलांना बजावतात. हडळ असो की मुंजा, आपल्या लोकसमजुतीत माध्यान्हीची वेळ मध्यरात्रीइतकीच वाईट मानली जाते. भयपट दिवसाउजेडी घडवला तर दिव्यांचा सगळा खर्च वाचतो, ही त्यातली व्यावहारिक सोय. त्याहून मोठा लाभ असा की प्रेक्षकाला सगळे स्पष्ट दिसत असताना घाबरवायचे असते आणि त्यासाठी पटकथा फार चोख लिहावी लागते.

आपल्या घरात तर आणखी एक साधन आहे. मागांच्या खटखटाटात वाढलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येत नाही, पण वीज गेल्यावर सगळे माग एकदम थांबतात तेव्हा कानात जे होते ते त्याला चांगले ठाऊक असते. त्या शांततेत घरातले कोणते आवाज पहिल्यांदा ऐकू येतात? इतका वेळ ते चालूच होते का? आपली दहा मिनिटे मला इथे दिसतात. विशाल फुरिया यांनी ‘लपाछपी’ (२०१७) मध्ये उसाच्या फडाचा असाच उपयोग केला. उसात भर दिवसाही दोन हातांपलीकडचे दिसत नाही, हे ग्रामीण महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत होते. पटकथेने ते गर्भवती स्त्रीच्या भीतीशी आणि मुलगी नको असलेल्या घराशी जोडले. पुढे त्यांनीच तो चित्रपट हिंदीत ‘छोरी’ (२०२१) या नावाने केला आणि तो ओटीटीवर सर्वदूर पोहोचला. सोलापूर जिल्ह्यात ऊस किती आहे, हे मी सांगायला नको.

मुंबईचे काम पडेल ते लघुपट हातात आल्यानंतर : ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार, एखाद्या निर्मात्यापुढचे कथावाचन. त्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून काम उरकून परत येता येते. खोली भाड्याने घेण्याची वेळ येईल तेव्हा ती आपोआप कळेल.

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला भुताखेतांचे चित्रपट लिहायचे आहेत. मी स्वतः अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात काही वर्षे होते. जादूटोणाविरोधी कायदा असताना असे लिहिणे गुन्हा ठरत नाही का? आणि कायद्याचे सोडले तरी हे लिहावे का? (जुळे सोलापूर)

उत्तर : आपला प्रश्न दोन भागांचा आहे आणि पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने विशिष्ट कृत्यांना गुन्हा ठरवले आहे आणि ती कृत्ये अनुसूचीत एकेक करून दिली आहेत : भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे, तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व त्यावर पैसे मिळवणे, अमुक व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे, इत्यादी. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे आणि दंडही आहे. काल्पनिक कथा लिहिणे त्या यादीत नाही. मात्र तिसरे कलम आपल्या मुलीने नीट वाचून ठेवावे. ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावून एखाद्या खऱ्या गावातल्या, ओळखू येईल अशा बाईला चेटकीण ठरवणारी चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली, तर ती कथा राहत नाही. असे प्रकार हौशी मंडळी प्रसिद्धीसाठी करतात आणि त्याचा त्रास त्या बाईला होतो.

दुसरा भाग अवघड आहे. माझे मत असे की भयकथा श्रद्धा वाढवते की कमी करते, हे भूत खरे निघाले की खोटे यावर अवलंबून नसते. शेवटी भूत खोटे निघते, सगळा काकांचा कट असतो, असे अनेक चित्रपट आपण पाहिले आणि त्यांनी कोणाची भीती गेली नाही. कथा बोट कोणाकडे दाखवते, यावर ते अवलंबून असते. विधवा, वांझ म्हणवली गेलेली स्त्री, एकटी राहणारी म्हातारी, वस्तीबाहेरच्या जातीतला माणूस, यांना भयाचे उगमस्थान करणाऱ्या पटकथा आजही येतात. त्या वाईट आहेत आणि लेखनाच्या दृष्टीने आळशीही आहेत. याउलट ज्या कथेत त्याच स्त्रीवर अन्याय करणारे घर भयाचे ठिकाण होते ती कथा आपण केलेल्या कामाच्या विरोधात जात नाही. रत्नाकर मतकरी यांनी गूढकथा आणि सामाजिक प्रश्नांवरची नाटके एकाच हाताने लिहिली, आणि त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘इन्व्हेस्टमेंट’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलीला हवे तर आपल्या कामातले अनुभव सांगा. मांत्रिकाकडे नेलेल्या माणसाच्या घरात त्या दिवशी काय चालू होते, हे आपल्याइतके तिला कोणी सांगू शकणार नाही.

प्रश्न : एका निर्मात्याला मी दोन वर्षांपूर्वी एक भयकथा ऐकवली. परवा आलेल्या एका वेबमालिकेत तीच कल्पना दिसली. मी काय करू शकतो? दुसरे, नारायण धारप यांच्या एका कथेवर लघुपट करायचा आहे. ते आता हयात नाहीत, तेव्हा परवानगीची गरज नसावी, असे मित्र म्हणतो. (बार्शी)

उत्तर : मित्राचे आधी. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. धारप २००८ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या कथांवरील हक्क २०६८ च्या अखेरपर्यंत वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले गेले त्यांच्याकडे राहतील. लघुपटातून पैसे मिळवणार नाही, असे म्हटल्याने परवानगीची गरज टळत नाही. लेखी परवानगी मागा. अशा मागण्या नेहमीच नाकारल्या जातात असे नाही.

आपल्या तक्रारीबाबत उत्तर निराश करणारे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले की कल्पनेवर, विषयावर किंवा कथासूत्रावर कोणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो त्या कल्पनेच्या मांडणीवर, म्हणजे प्रसंगांची रचना, पात्रे, संवाद यांवर. ‘ओसाड घरात आलेले जोडपे आणि आधीच्या मालकाचा आत्मा’ ही कल्पना जगात कोणाचीही नाही. आपण कथा तोंडी ऐकवली असेल आणि मालिकेत फक्त सूत्र सारखे असेल, तर हाती फारसे काही लागणार नाही. प्रसंग एकामागून एक जुळत असतील आणि आपल्याजवळ तारीख असलेली लेखी प्रत असेल, तर वकिलाला भेटण्याइतपत आधार आहे.

पुढच्या वेळेसाठी इतके पाळावे. हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो, नोंदणीने नव्हे. पण नोंदणी हा तारखेचा पुरावा असतो. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य झाल्यावर घरबसल्या ऑनलाइन पटकथा नोंदवता येते. कथावाचनाला जाण्याआधी निदान दहा-बारा पानांचे सविस्तर कथानक लिहून नोंदवा, भेटीनंतर ‘आज आपल्याला अमुक कथा ऐकवली’ असा साधा ई-मेल पाठवा. हे उद्धटपणाचे मानले जाईल, अशी भीती नव्यांना वाटते. मुरलेले निर्माते त्याला सरावलेले असतात.

आणि करारावर सही करताना कालावधी व प्रदेश हे दोन रकाने पाहा. हक्क किती काळासाठी दिले हे करारात नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. कोणत्या प्रदेशासाठी हे नसेल तर भारतापुरते धरतो. आणि वेगळे काही ठरले नसेल, तर निर्मात्याने वर्षभरात हक्क वापरला नाही की तो हक्क लेखकाकडे परत येतो. म्हणून निर्मात्यांचे छापील करार ‘कायमस्वरूपी, विश्वभर, सर्व माध्यमांत’ असे लिहून आणतात. नव्या लेखकाला ते सगळे बदलून मिळणार नाही, परंतु पुनर्निर्मिती आणि पुढील भागांचे हक्क वेगळे ठेवण्याचा आग्रह धरून पाहावा. वर सांगितलेला ‘लपाछपी’सारखा चित्रपट दुसऱ्या भाषेत जातो तेव्हा या एका ओळीची किंमत मूळ मानधनापेक्षा मोठी असू शकते. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) लेखकाचा वाटा निर्मात्याला करारानेही काढून घेता येत नाही. तशी अट करारात दिसली तर बोट ठेवून विचारा.

हक्कांबाबत निष्काळजी राहिल्यास काय होते, याचा मासला पुन्हा रोमेरो यांच्याच चित्रपटाचा आहे. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात पडद्यावर हक्काची सूचना छापलेली असणे सक्तीचे होते. ती सूचना मूळ शीर्षकाच्या पाटीवर होती. वितरकाने शीर्षक बदलताना पाटी बदलली आणि नव्या पाटीवर सूचना घालायची राहून गेली. चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. त्यानंतर ज्याला वाटेल त्याने तो दाखवला, विकला, आणि चित्रपट करणाऱ्यांना त्यातले काही देणे कोणावर बंधनकारक राहिले नाही. आपल्याकडे आज तशी सूचनेची अट नाही, हे आपले नशीब.

प्रश्न : लघुपटासाठी कोणता कॅमेरा घ्यावा? (विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : कोणताही घेऊ नका. आज मध्यम किमतीचा मोबाईलसुद्धा लघुपटापुरते चांगले चित्र देतो, आणि त्याहून चांगला कॅमेरा दिवसाच्या भाड्याने मिळतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ध्वनिमुद्रण यंत्र आणि एक चांगला मायक्रोफोन घ्या. धूसर चित्र प्रेक्षक ‘शैली’ म्हणून सोडून देतो, पण संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो, आणि भयपटात तर निम्मे काम कानाचे असते. जिथे चित्रीकरण करणार तिथे एक रात्र नुसते ध्वनिमुद्रण करून पाहा. पूर्व भागात रात्रपाळीचे माग किती दूरपर्यंत ऐकू येतात, हे ऐकल्यावर आपण बहुधा जागा बदलाल.

प्रश्न : आमच्या घरी तेलुगू बोलतात. आजीने सांगितलेल्या गोष्टी तेलुगूत आहेत, शेजारी कन्नड आहेत, मी शिकलो मराठीत. पटकथा कोणत्या भाषेत लिहावी? तेलुगूला बाजारपेठ मोठी आहे, असे सगळे सांगतात. (अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : बाजारपेठ हैदराबादच्या लेखकांसाठी मोठी आहे आणि तिथले प्रेक्षक सोलापूरच्या पद्मशाली घरातली तेलुगू ऐकून ‘ही कुठली भाषा’ असेच विचारतील. आपले बळ दुसरीकडे आहे. प्रसंगवर्णन मराठीत लिहा, पात्रांना त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलू द्या. आजी तेलुगूत बोलते, नातू मराठीत उत्तर देतो, शेजारीण कन्नडमध्ये ओरडते आणि रिक्षावाला दखनीत, हे सोलापुरात रोज घडते आणि पडद्यावर क्वचितच येते. भयपटाला तर ते फारच मानवते. घरातली म्हातारी झोपेत ज्या भाषेत बोलते ती भाषा सुनेला कळत नसेल, तर सून काय ऐकते आणि प्रेक्षकाला पडद्यावर भाषांतराची ओळ (सबटायटल) द्यायची की नाही, हे ठरवण्याची सत्ता लेखकाच्या हाती येते. मी असतो तर त्या प्रसंगात ती ओळ दिली नसती. एक व्यावहारिक बाब मात्र लक्षात असू द्या : राज्य शासनाचे अनुदान मराठी चित्रपटांसाठी आहे, तेव्हा पूर्ण लांबीचा चित्रपट करताना मराठीचे प्रमाण आणि प्रमाणपत्रावरील भाषा यांचा विचार आधीच करावा लागेल. लघुपटाला ती अडचण नाही.

प्रश्न : माझे वय पंचेचाळीस आहे. चार एकर बागायत आहे. परदेशात काही हजार डॉलरमध्ये केलेल्या भयपटांनी कोट्यवधी मिळवले, असे वाचले. जमीन गहाण ठेवून भयपट करण्याचा विचार आहे. पटकथा माझीच आहे. शासनाचे अनुदान मिळेल तेव्हा कर्ज फिटेल. (पंढरपूर तालुका)

उत्तर : करू नका. कारणे सविस्तर सांगतो, कारण अशी पत्रे वारंवार येतात.

आपण वाचलेले आकडे खरे आहेत, पण अर्धे आहेत. ऑरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ स्वतःच्या राहत्या घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केला आणि त्याची जगभरातील कमाई १९ कोटी डॉलरच्या पुढे गेली. मधली गोष्ट अशी की २००७ मध्ये महोत्सवात दाखवल्यावर तो व्यापक प्रदर्शनापर्यंत पोहोचायला २००९ उजाडले, मधल्या काळात तो एका बड्या स्टुडिओने घेतला, शेवट बदलला आणि प्रसिद्धीवर मूळ खर्चाच्या कित्येक पट रक्कम ओतली. ती रक्कम पेली यांच्या खिशातून गेली नाही. पेली तोवर संगणक-आज्ञावली लिहिण्याच्या नोकरीवर पोट भरत होते, आणि त्यांनी घर गहाण ठेवल्याचे मी कुठे वाचलेले नाही. ज्या शेकडो चित्रपटांना असा खरेदीदार मिळाला नाही त्यांचे आकडे कोणी छापत नाही.

आपल्याकडचा खर्च चित्रीकरणाने संपत नाही. चित्रपटगृहात दाखवायचा तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र, डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क, भित्तिपत्रके, समाजमाध्यमांवरील जाहिरात, आणि एवढे करून बहुपडदा चित्रपटगृहात सकाळचा किंवा दुपारचा एखादा खेळ. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन प्रकार झाले आहेत. त्यांच्यापुढे ‘ए’ (केवळ प्रौढांसाठी) आहे, आणि ‘ए’ मिळाले की कुटुंबे येत नाहीत आणि तो चित्रपट जसाच्या तसा दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही, म्हणजे उपग्रह हक्कांचे उत्पन्नही अडते. किती रक्त दाखवायचे, हा प्रश्न त्यामुळे लेखकाच्या टेबलावरच सुटला पाहिजे. नंतर संकलकाच्या कात्रीने तो नीट सुटत नाही. अनुदानाचे म्हणाल तर ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि समितीने दर्जा ठरवल्यावर मिळते. त्यात वेळ जातो, आणि दर्जा मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कर्जाचे हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतात.

वेळेचा अंदाज यावा म्हणून ‘तुंबाड’चे पाहा. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाचे चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, पुढे बराच भाग पुन्हा चित्रित करावा लागला आणि प्रदर्शन २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये झाले. तेव्हा व्हेनिसच्या महोत्सवात त्याचे कौतुक झाले होते, तरी इथल्या तिकीटखिडकीवर त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. एक उत्तम भयपट आपल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचायला इतकी वर्षे घेऊ शकतो. बँक किंवा सावकार तेवढे थांबत नाही.

आपली पटकथा चांगली असेल तर तिला पैशांआधी वाचक हवे आहेत. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पटकथालेखकांच्या कार्यशाळेसाठी दरवर्षी अर्ज मागवले जातात. निवड कठीण असते, पण निवड झाली तर गोव्याच्या फिल्म बाजारात निर्मात्यांसमोर बसता येते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे पटकथेचे अल्पकालीन अभ्यासक्रम असतात, त्यांना वयाची अडचण येत नाही. आणि चार एकर बागायत हे स्वतः एक चित्रीकरणस्थळ आहे. ते गहाण टाकण्यापेक्षा त्यात चित्रीकरण करा.

प्रश्न : लघुपटात काळे मांजर आणि घुबड दाखवायचे आहे. दोन्ही गावात मिळतात. काही परवानगी लागते का? (मोहोळ)

उत्तर : लागते. चित्रपटात प्राण्याकडून काम करून घेण्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो आणि त्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र नसेल तर प्रमाणन मंडळ चित्रपट पुढे घेत नाही. पाळीव मांजराचे हे काम कागदपत्रांनी होण्यासारखे आहे. घुबडाचा विचार मात्र पूर्ण सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहे आणि पकडून ठेवणे हाच गुन्हा आहे, मग चित्रीकरण लघुपटाचे असो की मोबाईलवरचे. पिंगळा या छोट्या घुबडाचा आवाज संध्याकाळी शेताच्या बांधावर बसून मुद्रित करता येतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि पडद्यावर पक्षी दिसण्यापेक्षा तो अधिक काम करेल. मांजराच्या बाबतीतही आधी पटकथा पुन्हा वाचा. ते काढून टाकले तर प्रसंग कोसळतो का, हे पाहा, आणि कोसळत नसेल तर अर्जाचा खटाटोप वाचेल.